सात सह्यांचे घर आणि तुमची पहिली बोली

वाचकाचे पत्र: मी गोव्यात फोंड्यातील एका शाळेत शिक्षिका आहे आणि माझे यजमान कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. नऊ वर्षे कुर्टीला भाड्याने राहिल्यावर आम्हाला तालुक्यातीलच एका गावातले जुने कौलारू घर मनापासून आवडले आहे. जागा 320 चौरस मीटर आहे. पुढे अंगण, मागे विहीर, मागच्या बाजूला नंतर बांधलेले स्लॅबचे स्वयंपाकघर, आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक लहानसे घर आहे, ज्यात एक वृद्ध जोडपे कित्येक वर्षांपासून राहते. मालक चार भावंडे आहेत. आईवडील हयात नाहीत. थोरली बहीण अविवाहित असून त्याच घरात राहते आणि तिला मी लहानपणापासून मावशी म्हणते. बाकी तिघे विवाहित आहेत. धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला असतो. एजंटाने 72 लाख सांगितले आहेत. दिल्लीचे एक गिऱ्हाईक येणार असल्याने आठवड्याच्या आत पाच लाख टोकन द्यावे, व्यवहार 45 लाखांचा दाखवून उरलेली रक्कम रोख द्यावी, आणि कोपऱ्यातले जोडपे थोडे पैसे दिले की निघून जाईल, असे तो म्हणतो. आमची बचत 24 लाख आहे, बाकीचे कर्ज काढू. 70 पर्यंत जाऊ असे आम्ही त्याला बोलून बसलो आहोत. ओळखीच्या माणसाशी घासाघीस कशी करावी, किती कमी सांगावे, आणि टोकन द्यावे का?

उत्तर: तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेवढेच तातडीचे आहे. या आठवड्यात पाच लाख रुपये देऊ नका. घर हातचे जाईल या भीतीने दिलेले टोकन परत मिळवताना काय हाल होतात, ते मी स्वतः भोगले आहे. डिचोलीत माझे पहिले घर घेताना मी मध्यस्थाच्या हातात टोकन ठेवले. पावतीवर फक्त रक्कम, तारीख आणि त्याची सही होती. महिनाभराने कळले की विकणाऱ्याच्या धाकट्या भावाला हा व्यवहार ठाऊकच नव्हता. पैसे परत आले, पण चौदा महिन्यांनी, चार धनादेशांत, आणि त्यांतला एक वटला नाही. तो मध्यस्थ लबाड होता असे मला आजही वाटत नाही. पैसे कोणत्या परिस्थितीत परत द्यायचे, हे आमच्यापैकी कोणीच लिहून ठेवले नव्हते. तुमच्या पत्रातली घाई वाचताना मला ती पावती डोळ्यांपुढे दिसली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

72 चे 70 कसे करावेत, यावर तुमचा सगळा भर आहे. माझ्या मते या घराच्या बाबतीत आकड्याची बोलणी नंतरची आहेत. ते घर आज विकण्याच्या स्थितीत आहे का, हे आधी पाहायला हवे, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून ते अजून त्या स्थितीत नाही. बोलणी करताना तुमच्या बाजूने असलेली सर्वांत भक्कम गोष्ट हीच आहे, आणि ती मांडण्यासाठी कोणाशी कडू बोलावे लागत नाही की मावशींच्या घराला नावे ठेवावी लागत नाहीत.

मालक चार आहेत असे तुम्ही लिहिता. गोव्यात सह्या मात्र वेगळ्या मोजाव्या लागतात. पोर्तुगीज काळातील 1867 ची नागरी संहिता आपल्याकडे 1870 पासून लागू झाली आणि तिची कुटुंब व वारसा यांविषयीची तत्त्वे आजही चालू आहेत. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वारशाने आलेला वाटाही त्यातच येतो. मुलींचा हक्क मुलांइतकाच असतो. तेव्हा मावशींची एक सही आणि विवाहित तिघांच्या घरच्या प्रत्येकी दोन, अशा एकूण सात सह्या तुम्हाला लागतील. त्यांत जावयाची सही आली, इंग्लंडमधल्या वहिनीचीही आली. यांपैकी एक जरी राहिली तरी विक्रीखत लंगडे पडते आणि बँक कर्जाची रक्कम सोडत नाही. मावशींचा शब्द कितीही मोलाचा असला, तरी व्यवहाराच्या हिशेबात तो सातांपैकी एका सहीचा शब्द आहे.

सह्यांच्याही आधी ही चार भावंडेच वारस आहेत, हे कागदावर यावे लागते. सर्वांचे एकमत असेल तर विशेष नोटरीसमोर वारसा दस्त करता येतो, ज्याला आपल्याकडे सर्रास सक्सेशन डीड म्हणतात. वाटणीवरून मतभेद असतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची प्रक्रिया, करावी लागते आणि तिला किती वर्षे लागतील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून मावशींना विचारण्याचा तुमचा पहिला प्रश्न किमतीचा असू नये. आईवडिलांच्या पश्चात यांपैकी काय झाले आहे, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (सातबाऱ्यासारखा आपल्याकडचा जमिनीचा उतारा) आज कोणाचे नाव आहे, हे विचारा. वडिलांचे किंवा आजोबांचे नाव अजून तसेच असेल, तर भावंडांच्या वाट्याचे बरेच काम बाकी आहे असे समजा. परदेशातील भावाला आणि त्याच्या पत्नीला स्वतः येणे शक्य नसेल, तर त्यांनी विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत देणारे मुखत्यारपत्र तिकडे रीतसर साक्षांकित करून पाठवावे लागेल, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागेल. हे तीन महिने उलटून गेल्याने अडलेले व्यवहार मी पाहिले आहेत.

आता त्या दिल्लीच्या गिऱ्हाइकाकडे पाहा. तो उद्या सगळी रक्कम घेऊन दारात उभा राहिला, तरी त्यालाही याच सात सह्या गोळा कराव्या लागतील. एजंट सांगतो तो आठवडा टोकन घेण्याचा आहे, घर विकण्याचा नाही. असे गिऱ्हाईक खरोखर असूही शकते; गोव्यात बाहेरून येऊन जुनी घरे घेणारे कमी नाहीत. पण त्यामुळे तुमच्या तपासणीची मुदत आखडण्याचे कारण नाही. एजंटाला शांतपणे सांगा की कागद हातात आल्यापासून एकवीस दिवसांत आमचा वकील उत्तर देईल, आणि त्याआधी दुसऱ्याशी व्यवहार ठरला तर आमचा राग नाही.

कोपऱ्यातल्या घराविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे आणि एजंटाच्या बोलण्यात तर अर्ध्या ओळीत. ते जोडपे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने तिथे कायमचे घर करून राहत असेल, तर ते मुंडकार असू शकतात. 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने अशा माणसाला घरातून काढता येत नाही, आणि ते घर भोवतालच्या ठरावीक जागेसह विकत घेण्याचा हक्कही त्याला मिळतो. मालक बदलला म्हणून हा हक्क जात नाही. विक्रीखताच्या दिवशी तुम्ही त्यांच्या नव्या भाटकार व्हाल, एवढेच. भाडे देणारा किंवा निव्वळ घरकामासाठी ठेवलेला माणूस या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ते मुंडकार आहेत की नाहीत हे मी इथून सांगू शकत नाही आणि एजंटही सांगू शकत नाही. तो निर्णय मामलेदाराच्या अधिकारातला आहे.

तुमच्या हातात एक सोपी सुरुवात आहे. एक-चौदाचा उतारा मिळाला की बहुतेक जण कब्जेदाराच्या रकान्यातले नाव वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. मीही तेच केले होते. तुम्ही मात्र बोट खाली सरकवत न्या. कुळाचा रकाना पाहा, त्याखालचा इतर हक्कांचा रकाना पाहा, आणि तिथे एखादे अनोळखी नाव, त्यापुढे घर किंवा मुंडकार असा शब्द दिसतो का ते पाहा. मग मामलेदार कार्यालयात मुंडकारांच्या नोंदवहीत चौकशी करा. सर्वेक्षणाच्या नकाशावर ते घर वेगळे दाखवले आहे का, हेही तपासा, कारण त्या नकाशावर मोजणीच्या वेळी उभी असलेली बांधकामे दाखवलेली असतात. आणि कागद पाहून झाले की त्या जोडप्याला जाऊन भेटा. त्यांना घाबरवू नका, पैशांचा विषय काढू नका. तुम्ही कोण आहात ते सांगा आणि ते तिथे कधीपासून राहतात ते ऐकून घ्या. पुढची अनेक वर्षे तुमचे आणि त्यांचे अंगण एकच असणार आहे. थोडे पैसे देऊन निघून जातील, हे वाक्य मला अन्यायाचे वाटते आणि व्यवहार म्हणूनही ते धोक्याचे आहे, कारण त्या घरावरून उद्या दावा उभा राहिला तर तो तुमच्या नावाने चालेल, एजंटाच्या नाही.

याच ठिकाणी तुमची किंमत ठरते. एजंटाने 72 लाख कसे काढले ते चौरस मीटरच्या हिशेबाने त्याच्याकडून मांडून घ्या. त्याने पूर्ण 320 चौरस मीटर धरले असणार. समजा कोपऱ्यातले घर आणि त्याच्या भोवतालची जागा मिळून 60 चौरस मीटर निघाली, तर तुमच्या ताब्यात येणारी जागा 260 उरते, आणि त्याच प्रमाणात 72 चे साडेअठ्ठावन्न लाख होतात. कायद्याने किती जागा त्यांच्याकडे जाऊ शकते ते वकिलाकडून नेमके समजून घ्या. ती याहून जास्तही असू शकेल. हा हिशेब ढोबळ आहे, कारण त्यात उभ्या घराची किंमत वेगळी काढलेली नाही, आणि विक्रेते ते तुम्हाला दाखवून देतील. दाखवू द्या. तुमचा पहिला आकडा कुठून आला हे तुम्ही सांगू शकता आणि तो का वाढवावा हे ते सांगू शकतात, अशी बोलणी सुरू झाली की संकोचाचा प्रश्न बराचसा मिटतो. ओळखीच्या माणसाला लाज वाटते ती कारणाशिवाय आकडा पाडून मागण्याची.

तुमचा वरचा आकडा मात्र त्यांच्या हिशेबाने ठरू देऊ नका. तो तुमच्या घरच्या वहीत ठरतो. 24 लाखांतले तीन लाख आजारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क यांसाठी मी पाच लाख धरीन. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला 30 हजारांची मर्यादा आहे हे ऐकून आपल्याकडचे पुष्कळ लोक फसतात, गोव्यात ते टक्क्यांतच भरावे लागते. त्या दिवशीचा दर उपनिबंधक कार्यालयातून घ्या. छप्पर आणि विजेच्या तारांच्या दुरुस्तीला दोन लाख, वकील, जाहीर सूचना आणि दलाली यांना एक लाख. उरले 13 लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते, म्हणजे 20 टक्के तुमचे. 13 लाख हे 65 लाखांचे 20 टक्के होतात. तुमची कमाल मर्यादा 65 आहे. त्यावर 52 लाखांचे कर्ज येईल, आणि साडेआठ टक्के दर धरला तर 20 वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे 45 हजार. हा हप्ता दोघांच्या पगारात सुखाने बसतो का, हे आधी एकमेकांना विचारा.

यातही एक खाच आहे. बँक 80 टक्के देते ते तिच्या मूल्यमापकाने ठरवलेल्या किमतीवर. त्याने घर 60 लाखांचे ठरवले, तर कर्ज 48 लाखांवर थांबेल, 65 च्या व्यवहारात तुमचा वाटा 17 लाख होईल, आणि आठ लाखांचा खर्च मिळवून 25 लाख लागतील, जे तुमच्याकडे नाहीत. म्हणून बोली देण्याआधी बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या, आणि बोलीत कर्जाची अट घाला. एजंटाला 70 बोलून बसलात, ही चूक मोठी नाही. कागद पाहण्याआधी अंदाजाने बोललो होतो, आता लेखी देतो तेच आमचे म्हणणे समजा, इतके सांगितले की पुरे. मात्र 65 हा आकडा त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

व्यवहार 45 लाखांचा दाखवण्याच्या सूचनेला स्पष्ट नकार द्या. कागदावर 45 असतील तर बँक 36 लाखांच्या वर जाणार नाही, आणि 65 चे उरलेले 29 लाख तुम्हाला घरातून काढावे लागतील. हिशेब तिथेच मोडतो. शिवाय जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि जेवढी रक्कम रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. घेणाऱ्या म्हणजे तुमच्या मावशी. त्यांना हे कोणी सांगितले नसण्याची शक्यता आहे, आणि एजंटाच्या गैरहजेरीत तुम्ही ते सांगितलेत तर त्या तुमचा शब्द लक्षात ठेवतील. मुद्रांक शुल्क चुकवणे हा गुन्हा आहे, आणि पुढे कधी घर विकायची वेळ आली तर 45 वरचा सगळा फरक तुमचाच नफा धरला जाईल.

घर पुन्हा एकदा नीट पाहा, आणि या वेळी पाऊस पडत असताना जा. मे महिन्यात कौलारू घर सगळ्यांत देखणे दिसते. पावसात चिऱ्याच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओलीची रेघ चढते का, ते रंगाखालूनही कळते. माजघरातल्या कोपऱ्यात उभे राहून वर बघा आणि जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे किल्लीच्या टोकाने हलकेच टोचा. लाकूड शाबूत असेल तर टोक अडते. वाळवीने खाल्लेले असेल तर ते आत जाते आणि बारीक पिवळसर भुसा खाली पडतो. एक वासा बदलणे वेगळे आणि आढ्यासकट छप्पर उतरवणे वेगळे. सुताराला सोबत नेऊन त्याचा अंदाज लिहून घ्या आणि तो कागद बोलीला जोडा. मागच्या स्लॅबच्या स्वयंपाकघराला पंचायतीचा परवाना आहे का, हे विचारा. घरपट्टीची पावती म्हणजे परवाना नव्हे. उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाने बेकायदेशीर बांधकामांची स्वतःहून दखल घेतल्यापासून पंचायतींना याकडे डोळेझाक करणे अवघड झाले आहे. गावच्या वाटेचा प्रश्नही त्याच फेरीत सोडवा: रस्त्यापासून अंगणापर्यंतची वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर? आणि घराखालची जमीन देवस्थानाची किंवा कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) नाही ना, हेही पाहा, कारण फोंडा तालुक्यात घर एकाचे आणि भूमी दुसऱ्याची, असे पुष्कळदा आढळते.

आता प्रत्यक्ष बोली. पहिला आकडा साडेअठ्ठावन्न लाख सांगा, कारणांसह आणि लेखी. त्यानंतर वर चढायची दोनच पावले ठेवा, 62 आणि 65, आणि प्रत्येक पावलाला काहीतरी मागून घ्या. 62 वर जाताना सक्सेशन डीडचा आणि नावे चढवण्याचा सर्व खर्च भावंडांनी करावा. 65 वर जाताना स्वयंपाकघराचा परवाना त्यांनी नियमित करून द्यावा, आणि कोपऱ्यातल्या घराची जागा मोजून तिची हद्द सर्वांच्या सह्यांनिशी नकाशावर आखून द्यावी. दर चौरस मीटरला गावात खरोखर काय भाव मिळाला हे जाणण्यासाठी वकिलामार्फत उपनिबंधक कार्यालयातील अलीकडची विक्रीखते पाहा. किनाऱ्याकडच्या आसगाव-शिवोलीचे चढे भाव फोंड्याच्या गावाला लावून सांगणारे एजंट आहेत, आणि नोंदलेले दस्त हे त्यावरचे उत्तर आहे. त्यातही काही जण आकडा कमी दाखवतात, हे ध्यानात ठेवून वाचा.

पैशांव्यतिरिक्त तुमच्याकडे देण्यासारखे काहीतरी आहे, आणि तुमच्या पत्रावरून ते तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. मावशी जन्मभर त्या घरात राहिल्या आहेत. ओसरीवरून आत गेल्यावर देवघरासमोर छताला माटोळीची, म्हणजे गणेशचतुर्थीला (चवथीला) गणपतीवर फळे-पाने बांधतात ती, लाकडी चौकट टांगलेली तुम्ही पाहिली असेल. वर्षानुवर्षे बांधलेल्या दोऱ्यांचे व्रण अशा चौकटीच्या पट्ट्यांवर राहतात. मूळ घरातली चवथ म्हणजे गोव्यात सगळ्या भावंडांची एकत्र येण्याची वेळ असते. दिल्लीचे गिऱ्हाईक घर रिकामे मागेल आणि लवकर मागेल. तुम्ही सांगू शकता की करार आता करू, विक्रीखत आणि ताबा चवथीनंतर, म्हणजे यंदाचा गणपती मावशींच्या हातून याच घरात बसेल. सात सह्या जमायला तसेही तेवढे महिने लागणार आहेत. तुमचा खर्च फक्त कुर्टीच्या भाड्याचा आहे, आणि इंग्लंडचा भाऊ त्या निमित्ताने सपत्नीक आला तर मुखत्यारपत्राचा प्रश्नच उरत नाही. देवघर आणि ती चौकट कोण नेणार, हेही त्यांना आधीच विचारा. हे बोलणे एजंटामार्फत करू नका. संध्याकाळी ओसरीवर बसून करा.

सगळे जुळत आले, की टोकन एक लाखाच्या वर नको, आणि तेही बँकेमार्फत, मालकांच्या खात्यात. एजंटाच्या खात्यात एक रुपयाही नको. पावती साध्या मराठीत अशी लिहिता येईल: “घराच्या विक्रीच्या बोलणीपोटी एक लाख रुपये मिळाले. ठरलेली एकूण किंमत अमुक. पुढील 60 दिवसांत सर्व वारस व त्यांचे पती-पत्नी नोंदणीकृत करारावर सह्या करतील. कोणाही वारसाची सही न मिळाल्यास, वकिलाच्या तपासणीत मालकी निर्वेध नसल्याचे आढळल्यास, किंवा खरेदीदारांना बँकेचे कर्ज नाकारले गेल्यास ही रक्कम पंधरा दिवसांत पूर्ण परत केली जाईल. या मुदतीत घर दुसऱ्या कोणाला विकले जाणार नाही.” गोव्यात असलेल्या सर्व भावंडांच्या त्यावर सह्या घ्या आणि परदेशातील भावाकडून संमतीचा ईमेल घ्या. वकिलाने ही भाषा आणखी नेमकी केली तर उत्तमच.

त्यानंतरचा करार उपनिबंधकासमोर नोंदवा. साध्या मुद्रांक कागदावर नोटरीच्या शिक्क्याने केलेल्या करारावर समाधान मानू नका. त्या वेळी एकूण दहा टक्क्यांपर्यंत रक्कम द्या, बाकी विक्रीखताच्या दिवशी. मधल्या काळात वकिलाकडून निदान 30 वर्षांचा बोजा-दाखला काढून घ्या आणि एका मराठी व एका इंग्रजी दैनिकात हरकती मागवणारी जाहीर सूचना द्या. जुन्या कागदपत्रांत खाडाखोड करून जमिनी बळकावल्याची प्रकरणे गोव्यात इतकी झाली की 2022 मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. सूचनेचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने रक्कम देताना एक टक्का आयकर तुम्हालाच कापून भरावा लागेल, आणि परदेशातील भावाच्या वाट्यावर कापण्याचा दर वेगळा आणि बराच जास्त असतो. त्यासाठी सनदी लेखापाल गाठा, आणि भावालाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर विक्रीखताच्या दिवशी हातात कमी रक्कम पाहून तो नाराज होईल.

65 लाखांनाही ते राजी झाले नाहीत, तर तो निरोप एजंटाकडून जाऊ देऊ नका. मावशींना स्वतः जाऊन भेटा, आमची पोच इथपर्यंतच आहे हे त्यांना सांगा, आणि रोखीच्या व्यवहाराविषयी वर लिहिलेले दुसऱ्या कोणासाठी का होईना, पण त्यांच्या कानावर घाला. तुमची लेखी बोली त्यांच्याकडे ठेवून या, खाली तुमचा फोन क्रमांक आणि बोली कोणत्या तारखेपर्यंत उभी आहे ते लिहून. सात सह्या गोळा करताना दुसरे गिऱ्हाईक कंटाळून निघून गेले, तर तो कागद त्यांच्या कपाटात असेल.